व्हाइसचा जबडा: तिसरा प्रयत्न, आणि यावेळी 'टिंग' आवाज आला नाही

मंडळी, झालं एकदाचं! वडिलांच्या काळातल्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) व्हाइसच्या, म्हणजे काम घट्ट पकडायच्या शिकंज्याच्या, चालत्या जबड्याला तडा गेलाय, तो जोडतोय. आज सकाळी उद्यमनगरात गेलो, गॅस वेल्डिंगवाल्या मामांनी ड्रममधला चुना फावड्याने बाजूला केला, जबडा बाहेर काढला, अजून कोमट होता. उजेडात धरून चारी बाजूंनी बघितला, तडा कुठेच नाही. मला तर तिथेच चहा सांगावासा वाटला आणि सांगितला पण.

आता मधलं सांगतो. मागच्या अपडेटला निकेल रॉडने करतो म्हणालो होतो, ते केलं आणि फसलं. तडा तोच, चालत्या जबड्याचा उभा भाग स्लाइडला (बॉडीत सरकणाऱ्या दांड्याला) मिळतो त्या आतल्या कोपऱ्यातला. मी सगळं पुस्तकात देतात तसं केलं होतं, 99 टक्के निकेलचा रॉड, एका वेळी इंचभरच वेल्ड, लगेच गोल तोंडाच्या हातोडीने हलकं ठोकायचं, हात लावता येईल इतकं थंड झालं की मगच पुढचा तुकडा. तीन तास गेले. शेवटचा तुकडा थंड होताना 'टिंग' झालं आणि वेल्डपासून दोन-तीन मिलीमीटरवर, बिडातच, केसाएवढी रेघ. वेल्डवर कानस मस्त चालत होती, पण त्या रेघेजवळ नेली की काचेवर फिरवल्यासारखी नुसती सरकायची. तेव्हाच कळलं की कडक झालंय. बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या वर असतो, जाड भाग भोवतीची उष्णता पटकन ओढून घेतो, त्यामुळे वेल्डलगतची पट्टी ठिसूळ होते, आणि वर वेल्ड आकसताना तिलाच ओढतं.

रॉड आणल्यावरच शंका आली होती. दुकानदाराने डबा न दाखवता सुटे मोजून दिले, दमट वाटत होते. यापुढे सीलबंद पाकीट असेल तरच घेणार, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मग उद्यमनगरातल्या या मामांकडे गेलो. त्यांनी काहीच न बोलता तड्यावर ज्योत धरली आणि आतून काळं तेल बुडबुडे काढत वर आलं. "हे बीड तेल पिऊन बसलंय, आधी ते काढा." बरोबरच, वडिलांच्या काळापासून त्यावर तेल पडतंय, ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत ते मुरतं. मग त्यांनी माझा व्ही-ग्रूव्ह (तड्यावर कोरलेली व्ही आकाराची खाच) बघितला आणि विचारलं, "ग्रायंडर का मारला?" ग्राइंडिंग व्हीलने ग्रॅफाइट पृष्ठभागावर फासलं जातं आणि पितळ त्यावर बसत नाही. करून पण दाखवलं, रॉडचा थेंब अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा पळत होता. मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मोठ्याने लिहितोय: ब्रेझिंग (बीड न वितळवता पितळ ओतून जोडणं) करायचं असेल तर शेवटचा हात कानशीचाच!

निकेलचं सगळं काढून ग्रूव्ह परत कोरला, जाड कानस, दोन संध्याकाळी, हाताला फोड. मग मामांनी भट्टीवर अख्खा जबडा तापवला, तेल जाळलं, वायर ब्रश, परत तापवला, असं तीनदा, धूर थांबेपर्यंत. नंतर पितळ नीट पसरावं म्हणून टाकणखार, मग पितळी रॉड, आणि पहिला थर अगदी पातळ पसरवून घेतला, मग भर. बीड वितळवायचंच नाही, ते साधारण 1150 अंशांच्या पुढे वितळतं, पितळ 900 च्या आसपास वाहतं, म्हणून बीड कडक व्हायचा धोका खूपच कमी. मग सावकाश थंड व्हावं म्हणून लगेच चुन्याच्या ड्रममध्ये, रात्रभर.

घरी आणून खडूची टेस्ट केली. तड्यावर डिझेल फासलं, अर्ध्या तासाने पुसून कोरडं केलं, वर खडूची पूड, तडा उरला असेल तर आत मुरलेलं डिझेल पूड ओली करतं. सगळीकडे पांढरं राहिलं, फक्त एका टोकाला आठ मिलीमीटरची ओलसर रेघ उमटली. तिच्या टोकाशी 4 मिलीमीटरचं भोक मारून थांबवलीय.

नवीन अडचण म्हणजे स्लाइड तापून थोडी वाकली आणि बॉडीत जात नाही. निळा रंग लावून कुठे अडतंय ते बघत तेवढंच घासतोय, अजून दोन-तीन बैठका लागतील. मूळ प्लॅन खालून लोखंडी पट्टी बोल्टने मारायचा होता, पण घासता घासता डोक्यात आलं की त्या कोपऱ्यात अजून भोकं कशाला, त्यापेक्षा जबडा बाहेर आहे तोवर याचंच पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) करून एसजीत (गोल ग्रॅफाइटच्या चिवट बिडात) नवीन ओतून का घेऊ नये? साधं बीड, एफजी 200, ताणलं की सरळ तुटतं, एसजी 500/7 तुटायच्या आधी सात टक्के लांबतं. ओतकाम आकसतं शंभराला एक, म्हणजे 150 ला दीड मिलीमीटर, म्हणून स्लाइडच्या बाजूंवर लांबी (पुट्टी) चढवून मशिनिंगचे तीन मिलीमीटर धरून पॅटर्न फुगवावं लागेल. अवघड आहे ते एका नगासाठी फाउंड्रीवाल्याला राजी करणं. त्यांच्या हीटमध्ये (भट्टीच्या एका वितळणीत) आपला एक साचा बसवून कुणी ओतून घेतला असेल तर दर आणि कसं विचारायचं ते सांगा.

तोवर पट्टी रद्द. स्क्रू धुऊन ग्रीस लावून ठेवलाय, रविवारी जोडतो, आणि जास्त जोर लावायला हँडलला पाइप घालायचा नाही हे भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.