सहावी

धावायला लागले ते इयत्ता सहावीत, आणि कॉलेजकडून नॅशनल क्रॉस कंट्रीला (ट्रॅकवर नाही, गवत, चिखल, चढउतारावरून धावायची लांब रेस) धावले तेव्हा टीममध्ये आले तीही सहावी. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा शाळेतून निरोप आला तेव्हा पहिल्यांदा हेच डोक्यात आलं, तर तेच लिहिते.

आपल्या पीटीच्या बाई आठवत असतील सगळ्यांना. मैदानाच्या टोकाला वही घेऊन उभ्या राहायच्या. पहिल्या तिघींची नावं कोणीही लिहितं, बाई शेवटच्या मुलीपर्यंत लिहायच्या, नाव, नंबर, वेळ, सगळं. कधी कधी शेवटची मुलगी येईपर्यंत घंटा होऊन जायची, बाकीच्या वर्गात पोचलेल्या असायच्या आणि बाई मात्र वही उघडी धरून तिथेच. मी पहिल्या वेळी सत्तावीस मुलींमध्ये तेविसावी आले होते. बाईंनी वही माझ्यासमोर धरली, "हे बघ, तेविसावी आलीस. पुढच्या वेळी बाविसावीला पकड." बास, एवढंच. पहिली ये असं तर सगळेच सांगायचे, पुढच्या एकीला पकड असं सांगणाऱ्या त्या एकट्याच.

क्रॉस कंट्रीचा हिशोबही त्यांनीच शिकवला, हाऊसच्या स्पर्धेत. सात जणी धावतात, त्यातल्या पहिल्या पाच जणींचे नंबर मोजायचे आणि बेरीज करायची, ज्यांची बेरीज कमी त्या जिंकल्या. एक दोन तीन चार पाच आल्या तर पंधरा, याहून भारी स्कोअर होऊच शकत नाही. मी विचारलं होतं, मग सहावी आणि सातवी कशाला धावतात? बाई म्हणाल्या, त्या दुसऱ्यांच्या पाचवीला मागे ढकलतात. तेव्हा मान हलवली पण खरं सांगायचं तर काही कळलं नव्हतं.

एकदा पाऊस लागला म्हणून पीटीचा तास वर्गातच झाला आणि बाईंनी पॅरिस ऑलिम्पिकची गोष्ट सांगितली, १९२४ ची. ऑलिम्पिकमध्ये क्रॉस कंट्री फक्त तीनदा झाली, १९१२, १९२० आणि ही १९२४ ची शेवटची. भयानक ऊन, ३८ जण सुटले आणि पूर्ण केली फक्त १५ जणांनी. पावो नूर्मी पहिला आला, दुसऱ्यापेक्षा मिनिटभराहून जास्त पुढे. पण बाईंचा जीव नूर्मीवर नव्हता. त्यावेळी टीमचे तीन जण मोजायचे, फिनलंडचा नूर्मी पहिला, रिटोला दुसरा आणि तिसरा होता लीमाताइनेन, तो आला बारावा. तो बारावा पोचला म्हणून फिनलंडला टीमचं गोल्ड मिळालं. बाईंनी ते नाव फळ्यावर लिहिलं होतं, नूर्मीचं नाही लिहिलं. नूर्मी तुम्हाला कुठेही भेटेल म्हणाल्या.

आता नॅशनलचं. आमची सहा किलोमीटरची रेस, अडीचशेच्या आसपास मुली, काही टीमच्या आणि काही एकट्या क्वालिफाय झालेल्या. (मुलींना अंतर कमी का, हा माझा जुना प्रश्न आहे, वर्ल्ड क्रॉस कंट्रीत सिनिअर मुलं आणि मुली दोघांनाही २०१७ पासून १० किलोमीटर आहे आणि मला ते मनापासून पटतं.) आदल्या दिवशी कोचनी सगळा कोर्स चालत फिरवला. कुठे वळण आतून घ्यायचं, कुठे उतारावर दगड, चौथ्या किलोमीटरनंतरची चढण, आणि दुसऱ्या किलोमीटरपाशी एक सखल भाग जिथे चिखल झाला होता. पाय ठेवला की पचक आवाज यायचा आणि बूट बाहेर काढताना जमीन ओढून धरायची. त्या रात्री आम्ही शूजच्या तळाचे छोटे स्पाईक्स, म्हणजे टोकदार खिळे, काढून लांब बसवले.

स्टार्टला प्रत्येक टीमचा आखलेला बॉक्स असतो, सगळ्या टीम एका रेषेत, लांबच लांब. गन वाजली की सगळ्या जीव तोडून पळतात कारण पुढे रस्ता अरुंद होतो आणि तिथे मागे अडकलात की अडकलात. मला सगळ्यात जास्त आठवतो तो आवाज. शेकडो पायांचे स्पाईक्स गवतात घुसतायत, बाहेर पडतायत, आणि बाकी कोणी काही बोलत नाहीये. कोपर लागतं, कोणाच्या तरी स्पाईकने पिंडरीवर ओरखडा येतो, तो रेस संपल्यावर रक्त दिसलं की कळतो.

पहिला किलोमीटर मस्त गेला, आमच्यातली मी तिसरी होते. आणि मग तो चिखल. डावा पाय आत गेला आणि बाहेर आला तो टाच बुटातून सुटूनच. लेसला डबल गाठ होती तरी. तसंच दहा पावलं पळून बघितलं, पण बूट फटफट करत होता, शेवटी बाजूला होऊन वाकून बोटाने टाच आत घातली. बारा सेकंद गेले असतील फार तर. ट्रॅकवर बारा सेकंदात दोघी तिघी पुढे जातात. क्रॉस कंट्रीत मधल्या घोळक्यात बारा सेकंद म्हणजे तीस जणी. मान वर केली तर ओळखीची एकही जर्सी दिसेना, सगळ्या अनोळखी पाठी.

थोड्या वेळाने मागून आमचीच एक मुलगी आली, जी एरवी आमच्यात सहावी असायची. पुढे जाताना एवढंच म्हणाली, "चल, माझ्यामागे लाग." लागले, पण तिचा वेग मला धरवेना. म्हणजे ती आता पाचवी, मी सहावी, आणि माझा नंबर मोजला जाणार नाही. हे डोक्यात आलं आणि पाय जडच झाले एकदम. कोणाला काय फरक पडतो असा विचार आला होता, खोटं कशाला बोलू.

चढणीच्या पायथ्याशी कोच उभे होते, दोन बोटं वर करून ओरडत होते, "पिवळ्या दोन! पुढे पिवळ्या दोन!" पिवळ्या जर्सीची टीम सीझनभर आमच्या मागे पुढे असायची. वर बघितलं, खरंच दोन पिवळ्या, चाळीसेक मीटरवर. आणि मला बाईंचं ते ढकलण्याचं वाक्य आठवलं म्हणजे शब्द न् शब्द आठवलं, इतक्या वर्षांनी, धापा टाकत असताना.

चढावर पावलं छोटी केली, हात जोरात. चढण संपली की सगळ्या जरा श्वास घेतात, दोन चार पावलं सैल सोडतात, तिथेच मी सोडलं नाही. पहिली पिवळी माथ्यावरच मिळाली. दुसरीला माझी चाहूल लागली आणि तीही सुटली, शेवटचे तीनशे मीटर आम्ही खांद्याला खांदा लावून पळत होतो, मला तिचा श्वास ऐकू येत होता, तिला माझा येत असणार. रेषेवर छाती आधी कोणाची गेली हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. पुढे आम्ही दोघी एकमेकींना धरूनच चालत गेलो, नाहीतर पडलोच असतो.

रिझल्ट लागायला वेळ लागला. एकट्या धावलेल्या मुली वगळून टीमचे नंबर काढतात, त्यात आमच्या पाच जणी १९, ३४, ५२, ६१, ७०. बेरीज २३६. पिवळ्यांच्या १२, ३०, ४१, ७६, ७८. बेरीज २३७. आणि ७५ वर मी, आमच्या बेरजेत कुठेच नाही. आमच्या एका मुलीने तिथेच कागदावर पेनने करून बघितलं, मी त्या दोघींच्या मागे आले असते तर त्या ७५ आणि ७७ झाल्या असत्या, म्हणजे २३५, आणि त्या आमच्या पुढे. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, मग सगळ्याच बघायला लागल्या. आमची टीम नववी आली होती, मेडल वगैरे काही नाही, पण सातही जणी चिखलाच्या पायांनी रडत होतो.

मेडलं पुढे दोन चार मिळाली मला, ती कुठे आहेत ते शोधावं लागेल. तो रिझल्टचा कागद मात्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. सुवर्णमहोत्सवाला बाई येणार आहेत असं कळलं, तर बाई, मी कागद घेऊन येतेय, तुम्ही वही आणा. सगळ्या धरून शहाण्णवावी आले होते, तेवढं लिहायचं राहिलंय.