नाक चोंदलं आणि डॉक्टर खूश झाल्या

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात ओट्याखालचा कुकर काढायला वाकले आणि पहिला झटका आला. छाती धडधडायला लागली, डोक्यात घण पडायला लागले, घामाने ब्लाउज भिजला. वीस मिनिटांत सगळं शांत. "अगं, पीठ फासल्यासारखी दिसतेस," सासूबाई म्हणाल्या.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर, पण पोचेपर्यंत बीपी १२०/८०. "बेन, बहु विचार ना करो," म्हणून तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा उलट्याही होत होत्या, तेव्हा उलटीचं नेहमीचं मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात बीपी २२०/१२०. मग पळापळ. कागदावर लिहिलं प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार. पण लघवीत प्रोटीन नाही, पायाला सूज नाही आणि दोन तासांनी बीपी पुन्हा जागेवर.

दुसऱ्या हॉस्पिटलातल्या फिजिशियन बाईंनी आधी माझी वही मागितली. नवऱ्याने घरच्या मशीनवर ऐन झटक्यात घेतलेले आकडे, आणि प्रत्येकापुढे मी तेव्हा काय करत होते ते: वाकले, पोटभर जेवले, कुशीवर वळले, बाळाने लाथ मारली. हे वाचून त्या म्हणाल्या, फिओक्रोमोसायटोमा तर नाही ना, बघू या. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी असते, तिच्यातली ही गाठ मनाला येईल तेव्हा ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं रक्तात सोडते. दाब पडला तर हमखास. आणि त्या इंजेक्शनाने तर ती खवळतेच.

तपासणी म्हणजे २४ तासांची लघवी. सकाळची पहिली टाकायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत थेंब न थेंब कॅनमध्ये. आत ॲसिड घातलेलं, आणि कॅन थंड ठेवायचा. म्हणजे फ्रिजमध्ये! सासूबाईंनी श्रीखंडापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं शेजारी हलवलं आणि नंतर आठवडाभर फ्रिज पुसत होत्या. मेटानेफ्रिन, म्हणजे त्या संप्रेरकांपासून बनणारा पदार्थ, कितीतरी पट निघालं. सीटी नको म्हणून एमआरआय केला, तोही डाय न देता. उजवीकडे साडेचार सेंटिमीटरची गाठ.

२४ आठवड्यांच्या आत कळलं असतं तर दुर्बिणीने तेव्हाच काढता आली असती. मला सत्ताविसावा लागला होता. ते तीन फुकट हेलपाटे मला अजून खुपतात.

मग प्राझोसिन, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. पहिली गोळी रात्री झोपताना, आणि उठताना आधी खाटेवर बसायचं, मग उभं राहायचं, नाहीतर भोवळ. धडधडीची गोळी मी मागत होते, ती मुद्दाम नंतर दिली. आधी दिली असती तर आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळून बीपी भडकलं असतं. आणि वर सांगितलं, मीठ वाढवा, पाणी भरपूर प्या. माझ्यासाठी इतके दिवस अळणी वरण करणाऱ्या सासूबाई थक्क. "बीपीच्या पेशंटला मीठ?" पण नळ्या आवळलेल्या असल्याने आतलं रक्तच कमी झालेलं असतं; आता त्या मोकळ्या झाल्या की भरायला नको? कैरीचं लोणचं परत ताटात आलं.

पंधरवड्याने माझं नाक चोंदलं. सर्दी झाली म्हणून फोन केला तर डॉक्टर चक्क खूश! औषध लागू पडल्याची खूण होती ती.

३७व्या आठवड्यात सिझेरियन. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याआधीच मनगटातल्या धमनीत सुई घातली, ठोक्यागणिक बीपी दिसावं म्हणून. फाइलवर लाल अक्षरांत त्या इंजेक्शनाचं नाव आणि "नको". मुलगी २ किलो ६०० ग्रॅमची. माझं औषध तिच्यापर्यंत पोचलेलं असणार, म्हणून तिचं बीपी बघायला दोन दिवस काचेत ठेवली.

दीड महिन्याने दुर्बिणीने गाठ काढली. बीपी एकदम उतरलं, सलाइन आणि औषधं जोडूनच ठेवली होती. साखरही घसरू शकते म्हणून रात्रभर तासातासाला बोट टोचत होते. ही गाठ बऱ्याच जणांत घराण्यातून येते, म्हणून जनुकांची तपासणी झाली. काही निघालं नाही.

तरी दरवर्षी कॅन आहेच. मुलगी आता चार वर्षांची आहे. परवा फ्रिज उघडून विचारत होती, "आजी, सगळं शेजारी का नेतेस?"