अंगावर येणाऱ्यांचं काय करायचं?

ऑनलाइन भांडणात समोरचा माणूस मुळातच नालायक आहे असं आपण लगेच ठरवून टाकतो, पण बरेचदा तसं नसतं. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्येच लिहून ठेवलंय की नाव लपलेलं, चेहरा दिसत नाही, लगेच उत्तर द्यायची सक्ती नाही, अशा वेळी माणसाचा लगाम सुटतो, आणि 2017 मध्ये स्टॅनफर्ड-कॉर्नेलच्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की मूड खराब असेल आणि वर आधीच कोणीतरी घाण लिहून गेलं असेल तर तुमच्याआमच्यासारखा साधा माणूसही ट्रोलगिरी करायला लागतो. म्हणजे पहिली खवचट कमेंट तशीच राहिली की पुढचे तोच सूर पकडतात. मग मॉडरेटरने ती लवकर उडवली तर त्यात कसली आलीये गळचेपी, उगाच!

आपल्यापुरतं म्हणाल तर, टीका मुद्द्यावर असेल, भाषा कडक का असेना, उत्तर द्यावं, एकदाच आणि थंड डोक्याने, कारण ते खरं तर गप्प वाचणाऱ्यांसाठी असतं. घरच्यांवरून, दिसण्यावरून सुरू झालं की विषय संपला, म्यूट नाहीतर सरळ ब्लॉक.

"दुर्लक्ष कर" हा सल्ला मात्र मला अर्धवट वाटतो. नुसतं डिवचणाऱ्यासाठी ठीक आहे, पण कोणी धमकी देत असेल, पत्ता-फोन नंबर टाकत असेल तर आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारखेसकट, मगच रिपोर्ट, कारण पोस्ट डिलीट झाली की पुरावाही गेला.