तुम्ही विचारलंत म्हणून: "आमच्या वेबसाइटवर आंधळी माणसं येतात कुठे?"

मी बडोद्यात वेबसाइट बनवून देतो, दुकानांच्या, क्लासेसच्या, आपल्या मराठी मंडळांच्या. कोटेशनमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' (अंध-दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीचं काम) ही ओळ दिसली की समोरचा हेच विचारतो, आणि लगेच पुढे, "मग ते राहू द्या ना, तेवढे पैसे कमी करा." राग येत नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

आमचे दादाकाका दांडिया बाजारात राहतात. साठीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, पण फोन सुटला नाही. टॉकबॅक चालू असतं, म्हणजे स्क्रीनवर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते फोन बोलतो, दोनदा टॅप केलं की उघडतं. तर एकदा दिवाळी पहाटेची दोन तिकिटं काढायला त्यांनी मंडळाची साइट उघडली, जी मीच केली होती, आणि मी शेजारीच चहा पीत बसलो होतो. फोन म्हणाला, "अनलेबल्ड, बटण." बोट पुढे सरकलं. "अनलेबल्ड, बटण." काका थांबले आणि म्हणाले, "अरे पाच बटणं केलीस आणि पाचही मुकी?"

मी त्या बटणांवर घर, कॅलेंडर, तिकीट अशी काय सुरेख चित्रं घातली होती! पण त्यांना नाव द्यायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. कोडमध्ये प्रत्येकी एक ओळ. तिकिटं शेवटी मीच काढून दिली, आणि काकांना त्याचाच जास्त राग आला.

तर उत्तर असं की ते येतात, दारातूनच परत जातात, आणि परत गेलेला माणूस फोन करून कळवत नाही. कितीही अ‍ॅनॅलिटिक्स लावा, म्हणजे येणाऱ्यांची मोजदाद करणारी साधनं, आलेला माणूस स्क्रीन रीडर (टॉकबॅकसारखं, पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत होता का हे त्यात दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले होते, त्यातले काही आपल्याच पोळात, म्हणजे गल्लीत, राहत असणार ना. शिवाय हात थरथरणारे, माउस न जमणारे, उन्हात फोन बघणारे वेगळेच. फिकट करड्या रंगातली बारीक अक्षरं तर मलाही आता दिसत नाहीत. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोघांच्या उजळपणातला फरक, निदान ४.५ ला १ हवा असा नियम आहे, पण डिझायनर लोकांना तो "डल" वाटतो.

मराठीचं दुखणं अजून वेगळं. आपली निमंत्रणपत्रिका म्हणजे एक जेपीजी, चारी बाजूंनी झेंडूच्या माळा, तारीख वेळ सगळं चित्रात. अशा चित्रातला मजकूर काकांच्या फोनला नीट कळेल याचा भरवसा नसतो, सोबत तो टाइप करून दिला की फोन तो सरळ वाचतो. नाहीतर मग पीडीएफ, ते युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ओळख देणारी आजची पद्धत) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. डोळ्याला शुद्ध मराठी, पण कॉपी करून बघा, इंग्रजी अक्षरांची भेळ निघते, आणि फोन तीच भेळ मोठ्याने वाचतो. तिसरी गोष्ट पानाच्या भाषेची. कोडमध्ये पान मराठी आहे असं लिहावं लागतं, आणि आम्ही टेम्प्लेट कॉपी करणारी माणसं, तिथे हिंदी नाहीतर इंग्रजी तसंच राहतं. मग हिंदी आवाज मराठी वाचतो, चाकातला च आणि चहातला च एकच. काका म्हणतात, वाचतोय की भांडतोय कळत नाही.

कायद्याचंही विचारतात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. ती केस ई-केवायसीची, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याची होती: कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणे, आणि समोर अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा भाजलेली माणसं. ते करणार कसं?

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीलाच केलं की फार नसतो, तयार साइट उघडून दुरुस्त करायला बसलं की मग लागतो. मी आता माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कीने अख्खी साइट फिरून बघतो, आणि मग एनव्हीडीए हा कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडर लावून मॉनिटर बंद करतो. एनव्हीडीए फुकट आहे, त्यामुळे पैशांचं कारण चालत नाही. एवढ्यानेच बराच कचरा सापडतो.

आणि बडोद्याचा माणूस असून सयाजीरावांचं नाव न घेता थांबलो तर घरी जेवायला मिळणार नाही. त्यांनी १९१० मध्ये सेंट्रल लायब्ररी काढली, पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवल्या. तिथे वाचणारे आहेत किती, हे आधी विचारत बसले असते तर पेट्या इथेच राहिल्या असत्या. एका क्लायंटला हे ऐकवलं, तो म्हणाला महाराजांकडे बजेट होतं. बरोबर आहे त्याचं, पण ओळ मी कोटेशनमधून काढली नाही.

काका परवा नवीन बुकिंग पानावर अडकलेत. तारखेसाठी छान कॅलेंडर उघडतं, त्यात महिन्याच्या बाणावर बोट गेलं की फोन गप्प. "मला टाइप करू दे ना सरळ, तारीख मला पाठ आहे," म्हणाले. शनिवारी येतायत, तोवर तारीख टाइप करायला एक साधा चौकोन टाकून ठेवायचाय. शेवउसळ मलाच आणावी लागणार.