झूम अडकलेला पिरियड

रशियातला आइस हॉकीचा सतरा वर्षांचा बचावपटू एनएचएल (उत्तर अमेरिकेची व्यावसायिक लीग) ड्राफ्टसाठी, म्हणजे क्लब पाळीपाळीने नव्या पोरांवर हक्क घेतात त्या निवडीसाठी, जोखायचा, तर हल्ली बहुतेक काम पडद्यावरच उरकावं लागतं. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या संघांना स्पर्धांतून बाहेर काढलं. एप्रिलमधली १८ वर्षांखालची जागतिक स्पर्धा गेली, नाताळच्या सुमाराची २० वर्षांखालची गेली, ऑगस्टमधली ह्लिंका-ग्रेट्झकी गेली. या तीन ठिकाणी रशियन पोरं कॅनडा, स्वीडन, फिनलंडच्या बरोबरीच्या पोरांसमोर उभी राहायची आणि कोण किती पाण्यात आहे ते दिसायचं. मार्चमध्ये एनएचएलने आपल्या क्लबांना केएचएल (रशियाची मुख्य व्यावसायिक लीग), तिथले क्लब आणि रशियातले एजंट यांच्याशी व्यवहार थांबवायला सांगितलं. ज्यांचे स्काउट रशियातच राहतात त्यांचं ठीक चाललंय. बाकीच्यांच्या आणि आमच्यासारख्या बाहेरून अहवाल पुरवणाऱ्यांच्या वाट्याला उरला व्हिडिओ.

व्हिडिओची अडचण अशी, की कॅमेरा पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, मागे धावतो. क्रिकेटच्या प्रक्षेपणात गोलंदाज धावत येताना डीप फाइन लेगचा फील्डर कुठे सरकला ते कळत नाही, तसंच. विंगर किंवा सेंटर जोखताना फार बिघडत नाही, कारण त्यांचं बरंचसं काम पकजवळ असतं. बचावपटूचं निम्मं काम पक येण्याआधी होतं आणि तेवढं नेमकं चौकटीबाहेर राहतं.

एमएचएल, म्हणजे रशियाची ज्युनियर लीग, पाहणाऱ्यांना एक सोय आहे. पाहुणा संघ सहसा एकाच गावात लागोपाठ दोन दिवस दोन सामने खेळतो. तेच प्रतिस्पर्धी, तीच रिंक, अनेकदा त्याच जोड्या. मॉस्कोच्या वेळेत संध्याकाळी पाचचा सामना हिवाळ्यात टोरांटोत सकाळी नऊला दिसतो. ज्या सामन्यांबद्दल लिहितोय ते असेच जोडीचे होते. ड्राफ्ट अजून व्हायचाय, म्हणून मुलाचं, संघांचं आणि गावाचं नाव देत नाही.

मुलगा डावरा बचावपटू. संघाच्या कागदावर उंची १९० सेंटिमीटर, वजन ८२ किलो. कागदावरच्या उंचीवर विसंबू नये, रिंकमध्येच मोजपट्ट्या ठेवलेल्या असतात. गोलची आडवी दांडी बर्फापासून १२२ सेंटिमीटरवर असते आणि बोर्डची, म्हणजे रिंकभोवतीच्या कठड्याची, उंची साधारण १०७. खेळताना सगळे वाकलेले असतात, त्यामुळे खेळ थांबल्यावर मुलगा गोलपोस्टाशी ताठ उभा राहिला की फ्रेम थांबवायची. स्केट्सचे पाच-सात सेंटिमीटर वजा करायचे. या मुलाची उंची कागदाशी जुळली. सगळ्यांची जुळत नाही.

जन्मतारीखही आधीच पाहून ठेवावी लागते. रशियन हॉकी शाळांचे संघ जन्मवर्षानुसार बनतात, तर ड्राफ्टची रेघ १५ सप्टेंबरला असते. त्या दिवसापर्यंत अठरा पूर्ण व्हायला हवीत. १६ सप्टेंबरला किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा त्याच शालेय संघात खेळूनही एक वर्ष उशिरा ड्राफ्टला येतो. रशियन विंगर मात्वेई मिच्कोव्ह ९ डिसेंबर २००४ चा, म्हणून तो २०२३ च्या ड्राफ्टमध्ये आला. उशिराच्या जन्मतारखेच्या पोराचे आकडे मोठे दिसतात, पण त्यात एक जादा हंगाम दडलेला असतो.

पहिल्या दिवशी संघ हरला. मुलाच्या नावावर गोल नाही, असिस्ट नाही, वर उणे दोन, म्हणजे तो बर्फावर असताना संघाने खाल्लेले गोल केलेल्या गोलांपेक्षा दोनने जास्त. विरोधी संघाचे दोन्ही गोल झाले तेव्हा तो बर्फावर होता आणि दोन्ही वेळा चौकटीत उशिरा शिरताना दिसला. पहिल्या गोलला विंगर डाव्या बाजूने मोकळा आत आला, हा मधून धावत पोचला तोवर पक जाळ्यात. क्लिप बघणारा कोणीही ‘माणूस सोडला’ असं लिहून पुढच्या पोराकडे वळेल.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पिरियडच्या सुरुवातीला मुख्य कॅमेऱ्याचा झूम पूर्ण मागे जाऊन अडकला. ऑपरेटरने थोडा वेळ खटपट केली असावी, चित्र दोन-तीनदा थरथरलं, मग त्याने नाद सोडला. वीस मिनिटांचा अख्खा पिरियड, म्हणजे सामन्याचा एक तृतीयांश, जवळजवळ पूर्ण रिंक एका चौकटीत. प्रेक्षकांनी शिव्याच घातल्या असतील. माझ्यासाठी ती पर्वणी होती.

वाइड चित्रात पाठीवरचे नंबर वाचता येत नाहीत, २७ आणि ७७ तर सारखेच दिसतात. तिथे दुसऱ्या खुणा कामाला येतात. अठरा पूर्ण न झालेल्या खेळाडूला पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच घालावी लागते, मोठे अर्ध्या काचेवर खेळतात. म्हणजे जाळी दिसली की वय कळलं. त्या संघाच्या सहा बचावपटूंत जाळीवाले दोन, त्यातला डावरा एक. स्टिकच्या पात्यावर पांढरी टेप. एवढ्यावर त्याच्या शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या पाळ्या, वेगळ्या काढता आल्या.

दुसऱ्या पिरियडमध्ये संघ बाजू बदलतात, त्यामुळे आपला बाक आपल्या गोलपासून दूर पडतो. बचावाच्या टोकाला अडकलेल्या बचावपटूला बदलीसाठी मधली रेषा ओलांडून जावं लागतं. पक बाहेर काढता आला नाही तर चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट सव्वा मिनिटावर जाते आणि पाय दगड होतात. ज्युनियर हॉकीत बरेच गोल याच पिरियडमध्ये याच कारणाने होतात. पकच्या मागे धावणाऱ्या कॅमेऱ्यात कोण कधी बदलीला गेला ते दिसत नाही, झूम अडकलेल्या चित्रात बाकाची दारंसुद्धा दिसत होती.

चौथ्या मिनिटाला विरोधी संघाने मधल्या रेषेवरून पक त्याच्या मागच्या कोपऱ्यात फेकला. मुलगा वळला आणि वळता वळता उजव्या खांद्यावरून मागे बघितलं. तीन पावलांनी डाव्या खांद्यावरून. पक पात्याला लागायच्या आत परत उजवीकडे. फोरचेकर, म्हणजे पक हिसकवायला अंगावर येणारा विरोधी, उजवीकडून येतोय हे पक्कं झाल्यावर त्याने खांदे डावीकडे टाकले, फोरचेकर त्या बाजूला झुकला, आणि पक बोर्डाच्या कडेने उलट दिशेला जोडीदाराकडे सरकला. जोडीदाराला पुढे मोकळं बर्फ मिळालं. नेहमीच्या प्रक्षेपणात यातलं फक्त शेवटचं अर्धं सेकंद दिसतं, कारण पक फेकला जातो तेव्हा कॅमेरा अजून मध्येच असतो. म्हणजे खांद्यावरून बघण्याच्या तीनपैकी दोन वेळा कोणाला दिसल्याच नसत्या. बचावपटूच्या डोक्याची पहिली परीक्षा हीच असते: पक हातात येण्याआधी त्याने किती वेळा मागे बघितलं आणि शेवटचं बघणं पकच्या किती जवळ होतं. एकदाच बघून पकवर जाणारी पोरं एमएचएलमध्ये निभावून नेतात, मोठ्यांच्या लीगमध्ये बोर्डावर चिरडली जातात.

त्याच पिरियडमध्ये दोन वेळा आदल्या दिवशीचा पहिला गोल कसा झाला असेल ते दिसलं. जोडीदार विरोधी निळ्या रेषेवर (जिथून विरोधी संघाच्या टोकाचा भाग सुरू होतो) पकसाठी पुढे घुसला. अशा वेळी एका फॉरवर्डने मागे येऊन ती जागा धरायची असते. कोणी आला नाही. आपला मुलगा मध्याकडे सरकला, कारण एकटा मागे उरलेल्याने आधी गोलसमोरचा रस्ता बंद करायचा असतो, कडेचा सोडायचा. विरोधी विंगर साहजिकच कडेने सुटला. दोन्ही वेळा गोल झाला नाही, एकदा गोलकीपरने अडवलं, एकदा पक बाहेर गेला. मग आदल्या दिवसाची क्लिप परत काढली. गोलच्या चार सेकंद आधी, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून अर्ध्या काचेचा एक बचावपटू बाहेर जाताना क्षणभर दिसतो. जोडीदारच तो. दुसऱ्या गोलला आपल्या मुलाच्या शिफ्टचं घड्याळ मोजलं, ते एक मिनिट बारा सेकंदांवर होतं आणि तिन्ही फॉरवर्ड त्याआधीच बदलून गेले होते. उणे दोनमधलं त्याचं स्वतःचं फारसं काही उरलं नाही.

वाइड चित्राने त्याच्या पदरात गुणच टाकले असं मात्र नाही. पहिला पास दिल्यावर तो थांबतो. एक-दोन पावलं ग्लाइड करत पास पोचला का ते बघतो आणि चढाईत चौथा म्हणून सामील व्हायची वेळ निघून जाते. नेहमीच्या कॅमेऱ्यात हे कधीच दिसत नाही, कारण पाससोबत चौकटही पुढे गेलेली असते. सवय आहे, प्रशिक्षक लावला तर सुटेल.

दुसरा दोष जड आहे. उलटा स्केट करत मागे येताना डावीकडे वळायचं असेल तर तो एका हालचालीत वळतो. उजवीकडे वळताना उजवी कंबर उघडत नाही, त्याऐवजी पाय पायावरून टाकून एक जादा क्रॉसओव्हर घेतो आणि तिथे मीटरभर हरतो. गॅप, म्हणजे चढाई करणाऱ्यापासूनचं अंतर, मी निळ्या रेषेवर स्टिकच्या लांबीत मोजतो. एक स्टिक साधारण दीड मीटर. फेसऑफ वर्तुळाचा व्यास ९ मीटर असतो, त्यावरून पडद्यावरचं माप लावून घेता येतं. त्याच्या डाव्या बाजूने येणाऱ्यांना तो दीड स्टिकवर धरत होता. मधून किंवा उजव्या बाजूने आलेल्यांना तीन. विरोधी प्रशिक्षकाला हे तिसऱ्या पिरियडपर्यंत कळलं असावं, कारण मग त्यांच्या चढाया त्याच बाजूने येऊ लागल्या.

इथे रिंकची रुंदी आडवी येते. रशियात ३० मीटरच्या, २८ च्या आणि उत्तर अमेरिकेसारख्या २६ मीटरच्या आसपासच्या, अशा सगळ्या रिंका आहेत. सामना पाहण्याआधी रिंकची रुंदी तपासली नाही तर पुढचं सगळं मोजमाप फसतं. ही रिंक रुंद होती. तीन स्टिकचं अंतर सोडलं तरी कडेने आलेल्याला तिथून फार वाकड्या कोनातून मारावं लागतं. अरुंद रिंकमध्ये दोन्ही बाजूंचे दोन-दोन मीटर कापले जातात, बोर्डाला चिकटून धावणाराही गोलच्या जवळ असतो आणि तोच फटका धोक्याचा होतो. उलट बाजूही आहे: अरुंद रिंकमध्ये बचावपटूला आडवं अंतर कमी कापावं लागतं, तेव्हा वळण्यातला दोष थोडा झाकलाही जाईल. माझ्या मते तोटा जास्त. पण दीड वर्षात उंची झपाट्याने वाढलेल्या पोरांची कंबर अशी जखडलेली असते आणि अंगाची वाढ थांबली की कामाने सुटूही शकते. मी तो दोष कायमचा धरला नाही.

या मुलाला मोसमात केएचएलच्या मोठ्या संघानेही एकदा बाकावर बसवलं. दोन शिफ्ट मिळाल्या. त्यावरून काहीही लिहू नये, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. अशा ठिकाणी गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मोजणं किती फोल आहे त्याचं उदाहरण बचावपटू दिमित्री सिमाशेव. ड्राफ्टच्या हंगामात केएचएलमध्ये त्याच्या नावावर एकही गुण नव्हता, तरी २०२३ मध्ये तो सहावा निवडला गेला आणि २०२५ मध्ये लोकोमोटिवसोबत केएचएलचा गागारिन कप जिंकला.

कराराची तारीख अहवालात पहिल्या पानावर हवी. एनएचएल आणि रशियात हस्तांतराचा करार नाही, मुलाचा तिथला करार संपेपर्यंत किंवा क्लब सोडेपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नसतो. रशियन विंगर किरिल काप्रिझोव्हला एनएचएलच्या मिनेसोटाने २०१५ मध्ये १३५ वा निवडला, तो खेळायला आला २०२०-२१ च्या हंगामात आणि आल्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. मिच्कोव्हचा करार २०२६ पर्यंतचा होता, तो सातव्या क्रमांकापर्यंत घसरण्यामागे ही तारीखही होती. प्रत्यक्षात क्लबने २०२४ मध्येच सोडला. ३२ संघ आणि सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीची निवड पाच वर्षं गोठवायला सगळेच तयार नसतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीत मात्र थांबायला फारसं काही लागत नाही, म्हणून रशियन पोरांची खरी कमाई तिथेच होते असं माझं मत आहे. न्यूयॉर्क रेंजर्सचा गोलकीपर शेस्टर्किन २०१४ मध्ये ११८ वा गेला होता.

आमच्या यादीत हा मुलगा त्या आठवड्याआधी पाचव्या फेरीत होता, तो तिसऱ्या फेरीच्या शेवटाला आणला. सहकाऱ्याचं म्हणणं, एका पिरियडवर एवढी उडी नको. आक्षेप रास्त आहे. म्हणून अहवालात दोन गोष्टी तपासायच्या म्हणून लिहिल्या आहेत. खार्लामोव्ह कपच्या, म्हणजे एमएचएलच्या, प्ले-ऑफमध्ये प्रशिक्षक त्याला उजव्या बाजूला खेळवतो का, आणि खेळवलं तर उजवीकडे वळताना तो जादा क्रॉसओव्हर अजून येतो का. त्यासाठी गोलच्या मागच्या बाजूने काढलेलं चित्र हवं. रिंकवर जाऊ शकणाऱ्या माणसाला तसं सांगितलं आहे, कोपऱ्यातल्या वरच्या रांगेत बसायचं आणि फोन पकवर न धरता एकाच मुलावर धरायचा.