तुम्ही विचारलंत म्हणून: पूल अडकला कुठे?

सरकारी बांधकामात तीस वर्षं काढून गावी परतलो. तेव्हापासून खाडी ओलांडायच्या तरीवर, एसटी स्टँडवर, गणपतीत आरती संपून प्रसाद हातावर पडेपर्यंतसुद्धा एकच प्रश्न: "सायबानू, नारळ फुटलो, पेपरात मंजुरी इली, मगे पूल अडाकलो खंय?"

बहुतेकांना 'पैसे खाल्ले' एवढंच उत्तर हवं असतं. खातात, नाही कशाला म्हणू? पण खायला आधी ते यावे तर लागतात!

पेपरात येते ती प्रशासकीय मान्यता. म्हणजे काम करायला सरकारची हरकत नाही, खर्च अंदाजे इतका. त्यात दमडी नसते. पैसे येतात अर्थसंकल्पातल्या तरतुदीतून, आणि विधिमंडळ ती मंजूर करतं एका वर्षापुरती. समजा पूल 10 कोटींचा, तर पहिल्या वर्षी पदरात पडतात वीस-पंचवीस लाख. कामं भरमसाट, म्हणून प्रत्येक आमदाराच्या पानात थोडं थोडं वाढायचं. उपाशी कुणी उठत नाही, आणि पोटही कुणाचं भरत नाही.

त्यात आपलं कोकण. सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. निधी खालपर्यंत झिरपतो तोवर मे सरत आलेला, पाठोपाठ पाऊस. खाडीत पाया घ्यायचा तर दिवाळीपर्यंत हात बांधून बसायचं. उरले सहा-सात महिने, आणि त्यांच्या ऐन मध्यात 31 मार्च. तोवर खर्ची पडलं नाही ते परत. एका खाडीपुलावर मी होतो. दोन खांब वर आले होते आणि फेब्रुवारीतल्या उधाणाने मशीन उभं करायचा भराव धुऊन नेला. तीन आठवडे काम बंद, मार्च हुकला, तरतूद गेली. पुढचे पैसे आले डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्ष अर्ध्यावर आल्यावर सरकार विधिमंडळाकडे वरून मागतं त्या जादा तरतुदीत. तोवर ठेकेदार मशीन उचलून दुसऱ्या जिल्ह्यात. खांबांवरच्या उघड्या सळ्या दोन पावसाळे खाऱ्या वाऱ्यात राहिल्या, हात लावला की पापुद्रे निघायचे. त्या कापून नवीन जोडायच्या, लोखंड महागलेलं, म्हणजे 'सुप्रमा' आली: सुधारित प्रशासकीय मान्यता. फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर.

जमिनीचं विचारूच नका. सातबाऱ्यावर चाळीस नावं, निम्मे मुंबईला, दोघे वारलेले आणि वारसनोंद नाही.

"मग कोकण रेल्वे कशी झाली?" हा प्रश्न मात्र मला आवडतो. अर्थमंत्री मधु दंडवते आणि रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस असताना, जुलै 1990 मध्ये तिच्यासाठी वेगळं महामंडळच काढलं. भांडवलात रेल्वेचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे सहा-सहा. बाकी मोठी रक्कम रोखे काढून बाजारातून उचलली. त्यामुळे दर मार्चला हात पसरायची पाळी नव्हती. शिवाय रोख्यांवरचं व्याज रोज चढत होतं, थांबणं परवडणारंच नव्हतं. आमचा पूल थांबला तरी त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटत नाही, इथेच सगळी गोम आहे. अर्थात फुकट काही नव्हतं. 741 किलोमीटरची पूर्ण लाइन सुरू व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडला, आणि कर्ज पुढे कित्येक वर्षं महामंडळाच्या मानेवर बसलं. साकवासाठी कुणी रोखे काढणार नाही, हेही खरंच.

आणि मुंबई-गोवा महामार्गावरचा, महाडजवळचा सावित्री नदीचा पूल? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. नवा पूल जून 2017 मध्ये वाहतुकीला खुला. रस्ता तिथे होताच, पैसे तुकड्यातुकड्याने आले नाहीत, आणि सगळ्यांचं लक्ष होतं. असं लक्ष वेधायला माणसं बुडावी लागतात, हे मला अजून पचलेलं नाही.

म्हणून सांगतो, यापुढे नारळ फुटताना टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारा: जमीन ताब्यात आली का, आणि यंदाची तरतूद किती?

परवा तरीवर हे सगळं पुराण लावलं होतं. तांडेल निमूट ऐकत होता. पैलतीर आल्यावर म्हणाला, "म्हंजे माजी तर अजून पाच वर्सां चलतली मां?"

चालेल, म्हटलं.

"मगे इंजिन बदलूनच घेतंय."