बारावीची रासायनिक गतिकी आणि लॉग टेबलातला 'बार'

बारावीच्या मुलांकडून रासायनिक गतिकीची, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाची, गणितं करून घेताना मला दरवर्षी एकच गोष्ट दिसते. पोरांना रसायनशास्त्र अडत नाही, लॉग टेबल अडतं. सांगलीत तासगाव-पलूसकडून एसटीने क्लासला येणारी बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली असतात, पण रेट, ऑर्डर, हाफ लाइफ हे शब्द लवकर अंगवळणी पडतात. फर्स्ट ऑर्डरचं (वेग उरलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो त्या अभिक्रियेचं) सूत्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. आकडेमोड आली की पेन थांबतं. तयार उत्तरांची पुस्तकं नेमकी इथेच दगा देतात: 'लॉग टेबलवरून' असं लिहायचं आणि पुढच्या ओळीत थेट उत्तर. ज्या पायरीवर मार्क जातात तीच गाळलेली. याचा मला मनापासून राग येतो.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. २.३०३ चा लॉग काढायचा तर २३ ची ओळ, ० चा रकाना: ३६१७. उजवीकडच्या मीन डिफरन्समध्ये ३ खाली ६. बेरीज ३६२३, म्हणजे ०.३६२३. इथवर सगळे येतात.

खरी अडचण उणे लॉगची. समजा लॉग के = −२.४५७० आलं (के म्हणजे अभिक्रियेचा वेग-स्थिरांक). टेबलात उणे आकडा नसतोच. घाईत मुलं ०.४५७० चा अँटीलॉग (लॉगवरून मूळ संख्या) बघतात, २.८६४, आणि पुढे १० चा −२ घात लावतात. हे उत्तर खऱ्याच्या आठपट मोठं. करायचं असं: −२.४५७० मध्ये ३ मिळवा आणि ३ वजा करा. −३ + ०.५४३० झालं, हेच बार ३.५४३०; बार म्हणजे ३ च्या डोक्यावरची आडवी रेघ, तेवढा ३ उणे असल्याची खूण. तीन रुपये देणं आहे आणि चोपन्न पैसे हातात आहेत, असा हिशेब. टेबलात जाते ती फक्त हातातली रक्कम. ०.५४३ चा अँटीलॉग ३.४९१, बारमधला ३ घातात गेला: ३.४९१ गुणिले १० चा −३ घात. बार फक्त पूर्णांकावर असतो, दशांशाचा भाग नेहमी धन. ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावा आणि 'मिळवा-वजा करा' ही पायरी उत्तरपत्रिकेतही दिसू द्या.

बार असलेल्या संख्यांची बेरीज-वजाबाकी करतानाही पूर्णांक वेगळे, दशांश वेगळे. दशांशाच्या बेरजेतून हातचा १ आला की तो धन धरून बारमध्ये मिळवायचा: बार ३ आणि हातचा १, म्हणजे बार २. इथे बार ४ लिहिणारे हुशार विद्यार्थीही असतात.

तापमानाने के कसा बदलतो ते सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या समीकरणाच्या गणितात तापमान केल्व्हिनमध्येच. ३०० वरून ३१० केल्व्हिनला के दुप्पट झाला तर सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) = २.३०३ × ८.३१४ × ०.३०१० × ३०० × ३१० ÷ १०, साधारण ५३,६०० जूल, म्हणजे ५३.६ किलोजूल प्रति मोल. २७ आणि ३७ सेल्सिअस तसेच घातले तर उत्तर ५७६ जूल येतं. इतकं लहान उत्तर दिसलं की आधी तापमान तपासा. २.३०३ × ८.३१४ = १९.१५ पाठच करून टाका, दोन लॉग काढायचे वाचतात.

वायूच्या दाबाची गणितं सोपी, फक्त एक खाच आहे. एका रेणूपासून दोन वायुरूप रेणू होत असतील आणि सुरुवातीला फक्त मूळ वायू असेल, तर उरलेल्या वायूचा दाब = २ × सुरुवातीचा दाब − एकूण दाब. फर्स्ट ऑर्डरच्या सूत्रात हा उरलेला दाब घालायचा, एकूण दाब नाही.

सीईटीला लॉग टेबलही नसतं. तिथे २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१ आणि ७ चा ०.८४५१ पाठ हवेत; ५ चा १ मधून ०.३०१० वजा करून मिळतो. ६० मिनिटांत ७५ टक्के अभिक्रिया झाली असेल तर फर्स्ट ऑर्डरला लॉगसुद्धा नको: दोन हाफ लाइफ (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) झाल्या, एक ३० मिनिटांची.

आणि एककाचं सांगायचं राहिलं. के चं एकक 'प्रति सेकंद' किंवा 'प्रति मिनिट' असं दिलं असेल तर ऑर्डर पहिली, गणितात तसं लिहिलेलं नसलं तरी.